मराठी डिजिटल अध्ययन साहित्याची सुगम्यता

मराठी डिजिटल अध्ययन साहित्याची सुगम्यता म्हणजे संगणक, भ्रमणध्वनी व तत्सम साधनांवर वापरले जाणारे मराठी पाठ्यसाहित्य विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांना इतरांइतक्याच स्वतंत्रपणे वाचता, ऐकता, पाहता आणि हाताळता येण्याजोगे असणे. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ व ई-पब आवृत्त्या, ध्वनिमुद्रित धडे, चित्रफिती, संगणकीय स्वाध्याय आणि ऑनलाइन चाचण्या यांचा या साहित्यात समावेश होतो. छापील पुस्तक डिजिटल झाले की ते आपोआप सुगम होते, असा समज सर्वत्र आढळतो. मराठीच्या बाबतीत तो विशेष दिशाभूल करणारा आहे, कारण पडद्यावर निर्दोष देवनागरी दिसणारा मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी असेलच असे नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या.

संज्ञा आणि व्याप्ती

‘सुगम्यता’ हा शब्द ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘सुगम्य भारत अभियाना’मुळे परिचित झाला. मराठीत त्याच अर्थाने ‘सुलभता’ हा शब्दही योजला जातो. मात्र त्यातून ‘सोपेपणा’ असा अर्थ ध्वनित होत असल्याने घोटाळा होतो. सुगम्य पाठ्यपुस्तक म्हणजे सोपे केलेले पाठ्यपुस्तक नव्हे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तोच धडा, तितकाच अवघड, परंतु त्याला पोहोचता येईल अशा रूपात मिळणे येथे अभिप्रेत आहे. बौद्धिक अक्षमता असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आशय सोपा करणे ही स्वतंत्र प्रक्रिया असून तिला अभ्यासक्रमाचे अनुकूलन म्हटले जाते.

शालेय शिक्षणात ‘विशेष गरजा असणारी बालके’ ही संज्ञा रूढ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा त्यांत समावेश आहे. साहित्यनिर्मितीच्या दृष्टीने मात्र वैद्यकीय वर्गीकरणापेक्षा अडथळ्याचे स्वरूप महत्त्वाचे ठरते. अंध विद्यार्थी, हात नसल्यामुळे पुस्तक धरू न शकणारा विद्यार्थी आणि वाचनदोष असलेला विद्यार्थी या तिघांचेही छापील पानापाशीच अडते, आणि तिघांनाही खऱ्या अर्थाने ‘मजकूर’ असलेल्या फाइलचा उपयोग होतो.

अक्षर आणि संकेत

मराठी साहित्याच्या सुगम्यतेतील सर्वांत मोठा अडथळा अक्षरांच्या संगणकीय संकेताचा आहे. युनिकोड प्रचलित होण्यापूर्वी मराठी मुद्रणासाठी कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपी, सी-डॅकचा डीव्ही-टीटी सुरेख असे अनेक फॉन्ट वापरात आले. यांतील बहुतेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या संकेतस्थानांवर देवनागरी आकृत्या बसविल्या होत्या. छपाईचे काम त्यावर उत्तम भागले, कारण कागदावर केवळ आकृतीच उमटते. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरेच साठविली गेली.

याचा परिणाम एका शब्दावरून स्पष्ट होतो. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘हिंदी’ हा शब्द टंकित केल्यास फाइलमध्ये एफ, जी, ए, एन, एच ही पाच रोमन अक्षरे नोंदली जातात. डोळस वाचकाला ‘हिंदी’ दिसते; स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली, हीच पाच अक्षरे एखादा निरर्थक इंग्रजी शब्द समजून उच्चारते. संपूर्ण पुस्तक अशा फॉन्टमध्ये असेल तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या कानी मराठीचा एकही शब्द पडत नाही. शोध घेणे, शब्द मोठा करून रंग बदलणे, ब्रेलमध्ये रूपांतर करणे, यंत्राने भाषांतर करणे या पुढील सर्व सोयीही त्याच ठिकाणी खुंटतात.

प्रत्येक फॉन्टनिर्मात्याची संकेतयोजना निराळी होती, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांची सरमिसळ होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही समान संकेतप्रणाली मानक म्हणून प्रसिद्ध केली होती. परंतु छपाईच्या व्यवसायाने आपापले फॉन्ट सोडले नाहीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ संकेतस्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. तरीही मराठी प्रकाशनव्यवसायात दीर्घकाळ वापरला गेलेला पेजमेकर हा पृष्ठरचनेचा कार्यक्रम युनिकोड जाणत नव्हता. जुन्या पुस्तकांच्या मूळ फाइली उपलब्ध असूनही त्या थेट उपयोगी पडत नाहीत, याचे कारण बहुधा येथे सापडते.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक कार्यक्रम उपलब्ध आहेत. या रूपांतरात केवळ अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टांत मजकूर दृश्यक्रमाने, म्हणजे दिसतो तसा, साठविला जातो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी टंकित होते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आधी ‘क’, मग वेलांटी, आणि पडद्यावर योग्य जागी मांडण्याचे काम फॉन्ट करतो. रफाराचे उलट होते. ‘धर्म’ लिहिताना रफार ‘म’च्या डोक्यावर शेवटी दिला जातो, पण उच्चारात ‘र्’ हा ‘म’च्या आधी येतो. परिवर्तकाला ही सर्व हलवाहलव करावी लागते. शिवाय मूळ परिच्छेदात खरोखरीचे इंग्रजी शब्द, सूत्रे वा मापनाची चिन्हे असतील तर परिवर्तक त्यांचेही देवनागरी कडबोळे करून टाकतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ही चूक विशेष महागात पडते.

युनिकोडमध्येही मराठीचे काही खास प्रश्न उरतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून किंवा ‘ऍ’ या वेगळ्या अक्षराने लिहिले जाई. ‘सुऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसण्यात फरक नसतो, शोधण्यात असतो. सर्वाधिक आढळणारी चूक मात्र विसर्गाची आहे. ‘दुःख’ किंवा ‘अंतःकरण’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकित केले की वाचकप्रणाली शब्द तेथेच तोडते.

पीडीएफ आणि छायाप्रती

पीडीएफ हे स्वरूप मुळात पान जसेच्या तसे दाखविण्यासाठी व छापण्यासाठी निर्माण झाले. त्यात प्रत्येक आकृतीची जागा नोंदलेली असते. ती आकृती कोणत्या अक्षराची आहे हे सांगणारा तक्ता स्वतंत्रपणे जोडावा लागतो. रोमन लिपीत एका अक्षराला सामान्यतः एकच आकृती असल्याने हा तक्ता सहज जुळतो. देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि व्यंजनाआधी दिसणारी वेलांटी यांमुळे आकृती व अक्षर यांचे नाते सरळ राहत नाही. परिणामी मूळ लेखन युनिकोडमध्ये असूनही त्याच्या पीडीएफमधून मजकूर उचलल्यास वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटलेल्या आणि जोडाक्षरे फुटलेली आढळतात. पुस्तकाची पीडीएफ देताना सोबत त्याच मजकुराची ई-पब वा साध्या दस्तऐवजाची प्रत देणे हा यावरचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.

पानाचे छायाचित्र घेऊन बनविलेली पीडीएफ ही याहून कठीण बाब आहे, कारण तीत मजकूर नसतोच. असते ते चित्र. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे शाळा बंद झाल्यानंतर हस्तलिखित टिपणे व फळ्यावरील लेखन यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून पाठविण्याची पद्धत रूढ झाली. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला अशा छायाचित्रातील एकही ओळ वाचता येत नाही.

चित्रातील अक्षरे ओळखणारे तंत्रज्ञान मराठीसाठी उपलब्ध असून टेसरॅक्ट हा मुक्त कार्यक्रमही मराठी जाणतो. शिरोरेषेने सर्व अक्षरे जोडलेली असल्यामुळे ती सुटी करणे हे देवनागरीतील मुख्य आव्हान असते. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, ख आणि रव यांची गल्लत होते. कथेत असा दोष वाचक सांभाळून घेतो. परीक्षेच्या प्रश्नात किंवा संस्कृत सुभाषितात तो सांभाळता येत नाही, म्हणून मानवी मुद्रितशोधन अटळ ठरते.

वाचकप्रणाली आणि मराठी उच्चार

संगणकावर मराठी वाचण्यासाठी भारतात एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. मायकेल करन व जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तंत्रज्ञांच्या प्रयत्नांतून त्याचा विकास झाला. कामाला २००६ साली प्रारंभ झाला. त्याच्यासोबत येणारी ईस्पीक ही वाचाप्रणाली मराठी बोलते. तिचा आवाज यांत्रिक आहे, परंतु वेग वाढविला तरी शब्द स्पष्ट राहत असल्यामुळे सराईत वापरकर्ते तिलाच पसंती देतात. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर टॉकबॅक ही प्रणाली अंगभूत असते.

दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असणे येथे निर्णायक ठरते. देवनागरी लिपी हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी अशा अनेक भाषांची असल्याने केवळ लिपीवरून भाषा ओळखता येत नाही. नोंद नसेल तर अनेकदा हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो आणि ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ होते. मराठीतील च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार लिपीत दाखविले जात नाहीत. ‘चार’ या संख्येतील च आणि ‘चारा’ या शब्दातील च यांतला भेद मराठीभाषक सवयीने करतो, यंत्राला तो शब्दकोशातून शिकवावा लागतो.

ध्वनिमुद्रित पुस्तकांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांची मोठी सोय केली असली तरी ती मजकुराला पूर्ण पर्याय ठरू शकत नाहीत. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुष्कळदा कानाला जाणवत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे शब्द केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील वेलांटी कळण्याचा मार्ग नसतो. ज्याचे सर्व शिक्षण कानांनी झाले, त्याच्या शुद्धलेखनातील उणिवा त्याच्या बुद्धीच्या नसून त्याला मिळालेल्या साहित्याच्या असतात. युनिकोड मजकूर अक्षराअक्षराने ऐकता येतो किंवा ब्रेलमध्ये बोटांनी वाचता येतो, आणि हा भेद तेथे उलगडतो.

टंकनासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक दृष्टिहीन विद्यार्थ्यांना सोयीचा मानला जातो. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असून टंकनाचा क्रम उच्चाराचाच असतो.

ब्रेल

भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल ही समान लिपी १९५१ मध्ये स्वीकारली गेली. मराठी ब्रेल तिचाच भाग आहे. सहा टिंबांच्या मांडणीतून ६३ चिन्हे बनतात. मराठी ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी अशी वरखाली लागणारी चिन्हे नसतात. व्यंजनापुढे संबंधित स्वराचे चिन्ह ओळीतच येते, आणि जोडाक्षरासाठी व्यंजनाआधी हलन्ताचे चिन्ह येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. हलन्ताचे स्थान वगळता हा क्रम युनिकोडच्या उच्चारक्रमाशी जुळत असल्याने शुद्ध युनिकोड मजकुराचे ब्रेलमध्ये यांत्रिक रूपांतर करणे तुलनेने सरळ आहे. लिबलुई या मुक्त कार्यक्रमात मराठीसाठी रूपांतर-तक्ता उपलब्ध आहे. छापील ब्रेल पुस्तक जाड आणि अवजड असते, तर टिंबे वरखाली होऊन ओळ बदलणारी ब्रेलपट्टी महाग असते. डिजिटल फाइलमुळे यांपैकी जे साधन हाताशी असेल ते वापरता येते.

रचना, चित्रे आणि नकाशे

डोळस वाचक पानावर नजर फिरवून धडा, उपशीर्षक, चौकट, स्वाध्याय हे भाग ओळखतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ही ओळख फाइलमधील रचनेतून होते. शीर्षक ठळक व मोठे केले, पण शीर्षक म्हणून त्याची नोंद केली नाही, तर दोनशे पानांचे पुस्तक हा एकच अखंड परिच्छेद ठरतो आणि सातवा धडा गाठण्यासाठी पहिले सहा ऐकावे लागतात. डेझी या आंतरराष्ट्रीय प्रणालीचे मूळ प्रयोजन हेच होते: ध्वनिपुस्तकातही प्रकरण, पान व परिच्छेद यांनुसार उडी मारता यावी. तिचा प्रसार करणाऱ्या डेझी कन्सॉर्टियमची स्थापना १९९६ मध्ये झाली. पुढे २०११ मध्ये आलेल्या ई-पब ३ या स्वरूपात डेझीची बरीच वैशिष्ट्ये सामावली गेली.

दोन स्तंभांत छापलेल्या पानाचा वाचनक्रम ठरवून दिला नाही तर डाव्या स्तंभातील ओळीला उजव्या स्तंभातील ओळ जोडली जाते. ‘माहीत आहे का तुम्हाला?’ यांसारख्या चौकटी मुख्य परिच्छेदाच्या मध्येच वाचल्या जाणे हा प्रकार पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत वारंवार घडतो.

चित्राला जोडलेले शाब्दिक वर्णन, म्हणजे पर्यायी मजकूर, लिहिणे हे संपादकीय काम आहे. तेच चित्र कोणत्या हेतूने आले आहे यावर वर्णन अवलंबून असते. ‘आकृतीतील त्रिकोण कोणत्या प्रकारचा आहे?’ असा प्रश्न असता पर्यायी मजकुरात ‘समभुज त्रिकोण’ असे लिहिल्यास उत्तरच सांगितले जाते. त्याऐवजी तिन्ही बाजूंची लांबी द्यावी लागते. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीचे वर्णन करू नये, ती वाचकप्रणालीने वगळावी अशी खूण करावी. नकाशाचे काम एका वाक्याने होत नाही. महाराष्ट्रातील नद्यांच्या नकाशासाठी नदीचा उगम, वाहण्याची दिशा, उपनद्या व मिळण्याचे ठिकाण यांचा क्रमवार तपशील किंवा तक्ता द्यावा लागतो, आणि तरीही जागांचे परस्परसंबंध समजण्यासाठी बोटांनी चाचपता येणारा उठावाचा नकाशा अधिक उपयुक्त ठरतो.

गणित

गणिती पदावल्या बहुतेक वेळा चित्ररूपाने घातल्या जातात व त्यामुळे वाचकप्रणालीला त्या दिसतच नाहीत. त्या शब्दांत लिहिल्या तरी संदिग्धता राहते. ‘क्ष अधिक एक छेद दोन’ हे ऐकणाऱ्याला क्षमध्ये अर्धा मिळवायचा की क्ष आणि एक यांच्या बेरजेला दोनने भागायचे, हे कळत नाही. मॅथएमएल या चिन्हांकन भाषेत अंश व छेद कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे नोंदलेले असते, त्यामुळे वाचकप्रणाली त्यांच्या सीमा सांगू शकते व पदावलीच्या एकेका भागात शिरून तो स्वतंत्रपणे ऐकता येतो. मराठी माध्यमासाठी या पदावल्यांच्या वाचनाचे नियमही मराठीत तयार असावे लागतात. अन्यथा धडा मराठीत आणि समीकरण इंग्रजीत ऐकू येते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना गणित व विज्ञान हे विषय लवकर सोडावे लागण्यामागे विषयाच्या अवघडपणाइतकाच साहित्याचा हा अभाव कारणीभूत असतो.

कर्णबधिर विद्यार्थी

चित्रफितीतील बोलणे वाचता यावे यासाठी उपशीर्षके दिली जातात. शैक्षणिक उपशीर्षकांत संवादाबरोबरच आशयाशी संबंधित इतर ध्वनींचाही उल्लेख असावा लागतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेक बालकांची प्रथम भाषा सांकेतिक भाषा असते व लिखित मराठी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. त्यामुळे उपशीर्षके दिली की काम संपले, असे म्हणता येत नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठी वाक्याची हातवाऱ्यांतील नक्कल नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाची १०,००० शब्दांची आवृत्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी या केंद्राने ६ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेशी, म्हणजेच एनसीईआरटीशी, सामंजस्य करार केला.

अल्पदृष्टी, अध्ययन अक्षमता व हालचालींची अक्षमता

अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याला अक्षरे मोठी करता येणे पुरेसे नसते. मोठी केल्यावर ओळ पडद्याबाहेर न जाता नव्याने मांडली गेली पाहिजे. ई-पबमध्ये हे घडते, स्थिर पानाच्या पीडीएफमध्ये सहसा घडत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली चिन्हे येत असल्यामुळे ओळींमधील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे लागते.

विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मजकूर दिसत असतानाच तो ऐकू येणे व वाचला जाणारा शब्द उजळून दिसणे याचा लाभ होतो. हात वापरण्यात अडचण असलेल्यांसाठी चित्र ओढून जोड्या लावण्याचे स्वाध्याय केवळ कळफलकानेही सोडविता आले पाहिजेत, आणि चाचणीची वेळमर्यादा वाढविता आली पाहिजे.

मानके आणि कायदा

वेबवरील साहित्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे जगभर प्रमाण मानली जातात. पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, तर २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. जाणता येणे, हाताळता येणे, समजणे व निरनिराळ्या साधनांवर टिकून राहणे या चार सूत्रांवर ती आधारलेली आहेत. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, हा त्यांतील एक प्रसिद्ध निकष. भारतात आयएस १७८०२ हे मानक २०२१ व २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. विशेष गरजा असणाऱ्या बालकांसाठीच्या ई-साहित्याबाबत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे वयापर्यंत पुस्तके व अन्य अध्ययन साहित्य विनामूल्य पुरविण्याची, तर कलम ४२ मध्ये ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम स्वरूपात उपलब्ध करण्याची तरतूद आहे. २०१७ च्या नियमांनुसार संकेतस्थळांवरील दस्तऐवज ई-पब किंवा अक्षर-ओळख केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत. अक्षर-ओळख आणि पीडीएफ या दोहोंच्या देवनागरीतील मर्यादा पाहता यांतील दुसरा पर्याय मराठीसाठी दुबळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारतीय संघराज्य या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरविला. कायद्याने बंधनकारक केलेली सुगम्यता नियमांनी केवळ शिफारशींच्या पातळीवर आणली, असा त्यामागील तर्क होता. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्यातील निकालात, जो मूलतः ग्राहकांची ओळख पटविण्याच्या डिजिटल पद्धतीविषयी होता, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

पुस्तकाचे सुगम रूपांतर करण्यासाठी पूर्वी स्वामित्वहक्कधारकाची परवानगी घ्यावी लागे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये अपवाद जोडला गेला. त्यानुसार दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी कोणत्याही सुगम स्वरूपात प्रत तयार करता येते. संस्थांनी ती ना-नफा तत्त्वावर, केवळ निर्मितीखर्च घेऊन द्यावी अशी अट आहे. अशा प्रतींच्या देशोदेशींच्या देवाणघेवाणीसाठी २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे करार संमत झाला. भारताने जून २०१४ मध्ये त्याला अनुमोदन दिले व असे करणारा तो पहिला देश ठरला. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला.

ग्रंथालये व संस्था

‘सुगम्य पुस्तकालय’ हे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाले. केंद्र शासनाचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्यातून ते उभे राहिले. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था व सेंट झेवियर्स महाविद्यालयातील २००३ पासूनचे दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे.

महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था पुण्यात १९६७ मध्ये स्थापन झाली. तिची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तकांतील क्यूआर संकेतांद्वारे ‘दीक्षा’ या केंद्रीय मंचावरील पूरक साहित्य उघडते. हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. पानावरील संकेताची जागा न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्याच साहित्याचा पत्ता लिखित दुव्याच्या रूपातही लागतो.

निर्मिती आणि पडताळणी

पुस्तक तयार झाल्यावर ते सुगम करणे खर्चिक असते. लेखन व संपादन चालू असतानाच ते करणे जवळजवळ विनाखर्च होते. लेखकाने युनिकोडमध्ये लिहावे, शीर्षकांसाठी शब्दप्रक्रिया कार्यक्रमातील शीर्षक-शैली वापराव्यात, तक्ते जागा सोडून न आखता तक्ता म्हणूनच घालावेत आणि ‘लाल रंगातील शब्द पाहा’ यांसारख्या केवळ रंगावर विसंबणाऱ्या सूचना टाळाव्यात, एवढ्याने पुष्कळ काम होते. चित्रांची वर्णने विषयशिक्षकाने लिहिलेली असावीत, कारण चित्रातील कोणता तपशील परीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे हे त्यालाच ठाऊक असते.

पडताळणीच्या काही पद्धती कोणत्याही खास साधनाविना करता येतात. फाइलमधील एक परिच्छेद उचलून साध्या मजकूर-संपादकात चिकटविल्यास तो देवनागरीतच राहतो की रोमन अक्षरांत बदलतो, हे लगेच समजते. तेथे वेलांट्या व रफार योग्य जागी आहेत का, हेही पाहता येते. ‘विद्यार्थी’ हा शब्द या चाचणीसाठी सोयीचा आहे, कारण त्यात पहिली वेलांटी, जोडाक्षर, रफार आणि दुसरी वेलांटी असे चारही प्रकार येतात. पीडीएफमध्ये हाच शब्द शोधून पाहावा. पानावर तो दिसत असूनही शोधात सापडत नसेल तर वाचकप्रणालीलाही तो सापडणार नाही. माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने संपूर्ण स्वाध्याय सोडवून पाहणे ही आणखी एक चाचणी. स्वयंचलित परीक्षक चित्राला वर्णन जोडले आहे की नाही एवढे सांगू शकतात, ते वर्णन बरोबर व पुरेसे आहे की नाही हे सांगू शकत नाहीत. त्यासाठी साहित्य छपाईला किंवा प्रसारणाला जाण्यापूर्वी ते संबंधित अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांकडून वापरून घेतले जाते.